जुन्या होडीला नवे इंजिन : आधी ओल शोधा, मग पैसा घाला

नाशिकला समुद्र नाही. आमच्या गोदावरीला पाणी दिसते तेही बहुतेक वेळा गंगापूर धरणातून सोडले तरच. अशा गावातल्या कापडाच्या व्यापाऱ्याने मासेमारीच्या होडीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण एका जुन्या फायबरच्या होडीत माझा पैसा बुडाला, आणि पुढे त्याच होडीतून तो हळूहळू परत येऊ लागला. या दोन्हींच्या मध्ये जे शिकायला मिळाले, ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनाचा खटाटोप.

माझी मोठी मुलगी रत्नागिरीला राजिवड्यात दिली आहे. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, भाट्याच्या खाडीच्या काठावर ही वस्ती आहे. येथील आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. तीन वर्षांपूर्वी व्याह्यांनी एक वापरलेली २८ फुटी फायबरची होडी घ्यायचे ठरवले. होडी बारा-पंधरा वर्षांची होती. रंग ताजा, तळ घासून धुतलेला, बाहेरून पाहताना डोळ्यांत भरावी अशी. फक्त मागे टांगलेले २५ अश्वशक्तीचे मशीन थकले होते. व्याही म्हणाले, "भाईसाहेब, होडीला काही झालेले नाही. मशीन बदलले की काम फत्ते." मी पैसे दिले. जुने काढून ४० अश्वशक्तीचे नवे मशीन बसवले. मोठे घेतले की लवकर जाऊ, लवकर येऊ, चार पैसे जास्त मिळतील, असा हिशोब. त्या मशीनची किंमत होडीपेक्षा जास्त होती.

हंगाम सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो आणि तिथे लाटा फुटतात, हे रत्नागिरीत कोणालाही विचारा. परत येताना ती जागा ओलांडायला जावयाने मशीनचा जोर वाढवला, आणि ज्या मागच्या फळीवर मशीन टांगलेले होते ती फळीच फाटली. मशीन तारांना लोंबकळू लागले, मागून पाणी आत यायला लागले. होडीवर चौघे होते, त्यांत जावयाचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ. मागून दुसरी होडी येत होती, तिने दोर टाकला आणि चौघे जिवंत किनाऱ्याला लागले. अल्हम्दुलिल्लाह. पैशाचे पुढे बोलू, पण हे आधी सांगितले पाहिजे, कारण या धंद्यात चुकीचा हिशोब फक्त वहीत राहत नाही.

"तुम्ही विचारले नाही"

होडी वाळूवर ओढली तेव्हा फाटलेल्या फळीचे पोट उघडे पडले. वर फायबरचा पापुद्रा आणि आत काळे पडलेले प्लायवूड. बोटाने ओढले तरी चोथ्यासारखे निघत होते. जुन्या मशीनच्या बोल्टांची भोके लांबीने बुजवून वर रंग मारला होता. त्याच भोकांतून वर्षानुवर्षे पाणी आत गेले होते. तिथल्या एका वयस्क होडी दुरुस्त करणाऱ्याने बघून मला एवढेच म्हटले, "शेठ, कुजलेल्या कापडाला नवीन बटणे लावलीत."

विकणारा माणूस आपलाच, पाच वेळेचा नमाजी. त्याला विचारले, हे माहीत होते का? तो म्हणाला, "तुम्ही विचारले नाही."

हे उत्तर ऐकून मला राग आला, आणि नाशिकला परतताना गाडीत लाजही वाटली. आपल्या बाजारात हे उत्तर किती वेळा दिले जाते! ताक्याच्या मधल्या घडीत डाग असतो, वरची घडी स्वच्छ असते. गिऱ्हाईक परत आले तर आपण म्हणतो, उघडून का नाही पाहिले? प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विकणारा म्हणाला. तर मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही की लोकांना दिसेल, असा प्रेषितांचा सवाल होता. फसवणाऱ्याला त्यांनी आपला मानले नाही. त्या ढिगाची ओल आणि होडीच्या फळीची ओल एकच आहे. दोष न सांगता विकणे हा दोष, मग गिऱ्हाइकाने विचारलेले असो वा नसो. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या प्रत्येक बांधवाने, मग ती होडी असो, सांचा असो की मोटार, हे मनात बांधून ठेवावे.

पण दोष एकट्या विकणाऱ्याचा नव्हता. घेणाऱ्याने काय केले तेही सांगतो.

होडी म्हणजे कापडच

मी मालेगावचा माल विकतो. मालेगावात आणि भिवंडीत गिरण्यांनी काढून टाकलेले जुने सांचे आणून लोकांनी घरे उभी केली, हे आपल्याला माहीत आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, पण मालेगावचा खडखडाट चालू राहिला. जुना सांचा घेताना जाणता माणूस आधी मोटर बघत नाही. तो चौकट बघतो. चौकट हलत असेल, शाफ्ट वाकला असेल, तर नवी मोटर त्या सांच्याला लवकर मोडते एवढेच. मला हे ठाऊक होते. तरी होडीच्या बाबतीत मी मोटर आधी घेतली. का, तर होडी हा आपला विषय नाही असे समजून मी डोळे मिटले.

खरे तर होडी माझाच विषय होती. फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड, राळेसारख्या रसायनात भिजवून कडक केलेले. हे तंत्र जुने नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात १९४२ च्या सुमाराला अशी पहिली छोटी होडी झाली, आणि नंतर ते जगभर पसरले. यातले कापड दोन प्रकारचे. एक मॅट, म्हणजे तुकडे केलेले धागे नमद्यासारखे पसरलेले. दुसरे रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचा ताणाबाणा घालून विणलेले, दिसायला टाटासारखे. विकतात तेही आपल्यासारखे, चौरस मीटरला किती ग्रॅम यावर. ३००, ४५० आणि ६०० ग्रॅमची मॅट बाजारात मिळते. ४५० ग्रॅमचा एक थर वाळला की साधारण एक मिलिमीटर जाडी येते. सहा मिलिमीटरचा तळ म्हणजे अशा सहा घड्या. हे कळले तेव्हा होडीची भीती गेली. कापड हे कापड आहे. ताण कुठे येतो, चीर कुठून सुरू होते, जोड कसा द्यायचा, हे आपल्याला समजते.

काचेचा धागा कुजत नाही. कुजते ते त्याच्या आत कोंडलेले लाकूड. मागच्या फळीत, ज्याला कारागीर ट्रान्सम म्हणतात, प्लायवूड असते. तळात लांबीला घातलेल्या पट्ट्यांत, ज्यांना स्ट्रिंजर म्हणतात, बऱ्याच वेळा लाकूड असते. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की ते बाहेर येत नाही. वरचा पापुद्रा शाबूत दिसतो आणि आतला कणा मरतो.

म्हणून घेण्यापूर्वी ही तपासणी करा. लाकडी हातोडी घ्या आणि फळीवर व तळावर हळूहळू वाजवत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, ओली किंवा सुटलेली जागा बद्द वाजते. मशीन टांगलेले असेल तर त्याच्या खालच्या टोकाला धरून हलवा आणि फळी वाकते का ते बघा. शंका आली तर मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने बारीक भोक पाडा. कोरडा पिवळसर भुसा निघाला तर ठीक. काळा, ओला भुसा निघाला तर फळी गेली. मालक भोक पाडू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. होडी पाण्यात असेल तर ती नेहमीपेक्षा खोल बसते का ते पाहा, कारण प्यालेल्या पाण्याचे वजन लपत नाही. तळाला फोड आले आहेत का तेही पाहा. ते पुष्कळ वेळा बरे करता येतात, पण भावात धरले पाहिजेत. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते वादळ कोकणाने पाहिले. होडी अशा वादळात आपटली होती का, हे स्पष्ट विचारा आणि उत्तर दोन माणसांसमोर घ्या.

दुरुस्तीचे दिवस मोजून घ्या

आमची होडी सात-आठ महिने वाळूवर पडून राहिली. दोन्ही घरांत बोलणे कमी झाले. मुलगी फोनवर रडायची. शेवटी मीच गेलो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या आणि पत्रे बनवणारा आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा सोबत नेला. हात त्याचा आणि नजर त्या वयस्क कारागिराची, अशी जोडी जमली.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. लोकांना वाटते की दुरुस्तीला हेच दिवस चांगले. इंजिनाच्या कामाला ते ठीक आहेत, पण फायबरला नाहीत. रेझिनला ओल चालत नाही, आणि कोकणात त्या दिवसांत हवाच ओली असते. आम्ही होडी मेच्या पहिल्या आठवड्यापासून उघडली. सडलेली फळी पूर्ण काढली. तळातल्या चार पट्ट्यांपैकी दोन मऊ निघाल्या, त्याही काढल्या. मग तीन आठवडे नुसते ऊन दिले. हेच सर्वांत कठीण काम, कारण त्यात कोणी काही करताना दिसत नाही आणि घरचे म्हणतात, बसून का राहिलात?

वाळल्यावर जुना भाग घासून उतार दिला. नियम असा की थर जितका जाड, त्याच्या बारापट लांब उतार. सहा मिलिमीटरला साधारण तीन इंच. कापडाला ठिगळ लावताना कडेला दुमड सोडतो, तसेच समजा. काठाला काठ चिकटवून भागत नाही, पुढच्या लाटेत जोड सुटतो. आत घालायचे प्लायवूड आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे पाण्यासाठीचे मरीन प्लाय घेतले. फर्निचरचे स्वस्त प्लाय घालणे म्हणजे पाच वर्षांनी हीच कथा पुन्हा लिहिणे. प्लायच्या कडा आणि प्रत्येक भोक आधी इपॉक्सीने बंद केले. जुन्या फायबरवर नवा थर धरण्यासाठीही इपॉक्सी साध्या पॉलिस्टर रेझिनपेक्षा चांगली पकड घेते. महाग आहे, पण ती सगळ्या होडीला लागत नाही, जोडापुरती लागते.

काम करणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर वजनाने शंभराला एक ते दोन एवढाच पडतो. जास्त घातला तर माल तापतो, तडकतो. आणि हार्डनर व कोबाल्ट हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. एक रेझिनमध्ये नीट घोटून घ्यावे, मगच दुसरे घालावे. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क आणि चष्मा घ्या. मालकानेच तो घेऊन द्यावा. मजुराचा श्वास विकत घेण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

मोठे इंजिन, छोटी बरकत

मृगाच्या आधी होडीचे अंग पुरे झाले. मग झावळ्यांनी शाकारून, आडोशाला इंजिनाचे काम घेतले. आता मी हिशोब शिकलो होतो.

मासळी आणि बर्फाने भरलेली होडी पाणी कापत जाते, पाण्यावर उडत जात नाही. अशा होडीला तिच्या लांबीने ठरवून दिलेला वेग असतो. पाण्याला टेकलेली लांबी आठ मीटर असेल तर तो वेग सात नॉटच्या जवळपास येतो. त्यापुढे ढकलायला गेलात तर इंधन जळते आणि होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत बसते. लागणारा जोर वेगाच्या घनाने वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती सत्तावीस टक्क्यांनी कमी होते. घरी अर्धा तास उशिरा पोहोचा आणि पाव टाकी वाचवा, असा हा सौदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने छोट्या मच्छीमार नौकांच्या इंधन बचतीवर २०१२ साली पुस्तिका काढली, तिचाही सल्ला हाच: वेग कमी ठेवा, शक्य तिथे टू-स्ट्रोकऐवजी डिझेल घ्या, आणि मोठा पंखा हळू फिरवा.

आकडे मांडून पाहा. टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन पूर्ण जोरात दर अश्वशक्तीला तासाला साधारण ०.४५ लिटर पिते. ४० अश्वशक्तीला ते १८ लिटर झाले. डिझेल इंजिन पाव लिटरच्या आत भागवते. आमच्या होडीला सहा-साडेसहा नॉटने न्यायला बारा अश्वशक्ती पुरते, म्हणजे तासाला तीन लिटर. आम्ही ४० चे मशीन, जसे होते तसे सांगून, तोट्यात विकले आणि १६ अश्वशक्तीचे छोटे डिझेल इंजिन होडीच्या पोटात बसवले. तीनास एक असा गिअर आणि आधीच्यापेक्षा मोठा पंखा. होडी पूर्वीसारखी उसळत नाही. गल्लीतली पोरे सुरुवातीला हसली. पण मासळी कमी मिळालेल्या दिवशीही आता डिझेलचा खर्च निघतो, आणि खलाशाच्या वाट्याला काही उरते.

ट्रकचे जुने इंजिन काढून होडीला बसवण्याची रीत आपल्याकडे आहे. स्वस्त पडते, आणि आपले मेकॅनिक त्यात तरबेज आहेत. मी त्याला विरोध करत नाही. पण खारे पाणी सरळ ब्लॉकमधून फिरवले तर इंजिन आतून गंजते. आत गोडे पाणी आणि बाहेरून खाऱ्या पाण्याने थंड होणारा कूलर लावा. इंजिन जिथे बसते त्या पट्ट्या मजबूत हव्यात, कारण धक्के तिथेच जातात. शाफ्टची सरळ रेष किनाऱ्यावर जुळली तरी होडी पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासा. पाण्यात होडीचे अंग किंचित बदलते, आणि कागदाएवढी फट बेअरिंग खाऊन टाकते.

इंजिन बदलले की कागद बदला. नव्या इंजिनाचा क्रमांक मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदवणे, होडी आपल्या नावावर करून घेणे, परवाना आणि विमा, हे सगळे त्याच महिन्यात करा. नौकांची नोंदणी आता रिअलक्राफ्ट नावाच्या संगणकीय प्रणालीवर होते. शिकलेल्या मुलाला सोबत न्या, पण अर्ज आपण स्वतः वाचा. डिझेलवरच्या कराचा परतावा, नुकसानभरपाई, सगळे या कागदांवर उभे असते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या बदली नवी घेण्यासाठी अनुदानाची तरतूद ठेवली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. आपल्या वाट्याचे काय आहे ते सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. आपण विचारायला जातच नाही आणि नंतर मिळाले नाही म्हणतो.

माझी स्वतःची चूक

आता व्यापारी बांधवांशी दोन शब्द. पहिल्या वेळी मी पैसे दिले तेव्हा तोंडी ठरले होते की जावई दरमहा ठराविक रक्कम पाठवील. नातेवाईक आहे, मदत करतो आहे, अशी माझी समजूत होती. एका जाणकार आलिमांनी मला विचारले, "होडी बंद राहिली तरी ती रक्कम यायची होती का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "मग त्याला मदत म्हणू नका. मूळ रक्कम वेगळी परत घेणार असाल तर त्या वरच्या रकमेचे नाव तुम्हाला माहीत आहे." मी गप्प झालो.

त्या ठराविक रकमेमुळेच जावई मोठ्या मशीनच्या मागे लागला होता. जास्त फेऱ्या, जास्त वेग, खराब हवेतही समुद्रात. ओहोटीला खाडीचे मुख ओलांडू नये हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. पण पहिली तारीख जवळ आली होती. त्या दिवशी फळी कुजलेली होती हे खरे. पण त्या फळीवर माझ्या हप्त्याचाही भार होता.

किनाऱ्यावर याहून वाईट प्रकार आहे. मासळीचा व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि बदल्यात सगळी मासळी त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावाने घालावी लागते. कर्ज फिटत नाही आणि बाजार कधी दिसत नाही. आपल्या विणकरांनी सूत देणाऱ्या सावकाराकडून हेच सोसले आहे. ज्याने एकदा सोसले त्याने दुसऱ्यावर लादू नये.

दुसऱ्या वेळी आम्ही मुशारका केली. होडीची आणि इंजिनाची किंमत धरून माझा हिस्सा किती, त्यांचा किती, हे लिहिले. किनाऱ्यावर वाटे पाडण्याची पद्धत पूर्वीपासून आहेच: मिळकतीतून खर्च वजा करून होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. त्याच चौकटीत आमचे कलम बसले. होडीच्या वाट्याला जे येईल ते ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचे. तोटा आला तर तो ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. होडी बंद तर माझीही मिळकत बंद. शिवाय जावई जमेल तसा माझा हिस्सा विकत घेत जाईल, म्हणजे काही वर्षांत होडी पूर्ण त्याची होईल. दोन साक्षीदार, दोन प्रती. नात्यात कागद कशाला, असे व्याही म्हणाले. मी म्हटले, देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा हा हुकूम कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकरात आला आहे. तिथे नातेवाइकांना सूट दिलेली नाही.

यात माझा फायदा कमी आहे का? ठराविक हप्त्याच्या मानाने काही महिने कमी येतात. पण आता हवा खराब असली की फोन येतो, "आज गेलो नाही." आणि मीच म्हणतो, बरे केलेस.

कधी हात लावू नये

प्रत्येक जुनी होडी वाचवावी असे माझे म्हणणे नाही. तळाचा मोठा भाग सुटला असेल, अंग पिळले असेल, कणा मोडला असेल, तर नवे इंजिन तर राहोच, रंगही लावू नका. अंग दुरुस्त करायचा खर्च मांडा. तो त्याच लांबीच्या नव्या होडीच्या निम्म्याच्या वर जाऊ लागला तर थांबा, असा आमच्या त्या वयस्क कारागिराचा आडाखा आहे आणि मला तो पटतो.

पण टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा, याचे आणखी एक कारण आहे. लाकडी होडी मोडली तर निदान जळण होते. फायबरची होडी ना जळणाला येते ना वितळून पुन्हा वापरता येते. ती खाडीत पडून राहते. फ्रान्सला २०१९ पासून हौशी लोकांच्या जुन्या नौका मोडण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी करावी लागली. आपल्याकडे ती वेळ येण्याआधी, जी होडी आणखी पंधरा वर्षे चालू शकते ती चालवणे यात मालकाचा फायदा आहे आणि खाडीचाही.

इथेच मला आपल्या तरुणांसाठी काम दिसते. किनाऱ्यावर होड्या आहेत, पण नीट उतार देऊन जोड लावणारे हात कमी आहेत. नाशिकला सातपूर-अंबडमध्ये फायबरची कामे करणारी आपली मुले आहेत, डिझेल मेकॅनिक तर प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, कोचीला केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून होडी आणि जाळ्यांवर काम करते. ज्ञान दूर नाही. अंबडचा तो मुलगा या मे महिन्यातही राजिवड्याला गेला होता, आणि या वेळी मी पाठवले म्हणून नव्हे. तिथल्या दोघा मालकांनी त्याला स्वतः बोलावले. एक कारागीर, एक मेकॅनिक आणि एक भांडवलवाला व्यापारी लेखी भागीदारीत एकत्र आले, तर एप्रिल-मेचे दोन महिने पुरे पडणार नाहीत एवढे काम आहे. अट एकच. होडी उघडल्यावर जी ओल सापडेल ती मालकाला दाखवायची, आणि विकताना घेणाऱ्यालाही.

ज्याने आम्हाला होडी विकली, तो गेल्या ईदला व्याह्यांकडे आला होता. होडीभोवती एक फेरी मारली, फळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी सांगायला हवे होते." व्याह्यांनी त्याला आत बोलावून शीरखुर्मा दिला. पैशाचा विषय कोणी काढला नाही. मी असतो तर कदाचित काढला असता. पण बरे झाले मी तिथे नव्हतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या मालाची ओल आपल्याच हाताने वर ठेवण्याची हिंमत देवो.